जुन्या घरातील लाकूडकामाला अग्निरोधक प्रक्रिया करावी का, आणि कोणती?

वासे_मोजणारा
नमस्कार. जुन्या घराची डागडुजी सुरू आहे. वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळया आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्यांची आहे, जिना संपूर्ण लाकडी आहे आणि पोटमाळ्यात छपराच्या कैच्या उघड्याच दिसतात. तुळया व जिना जुन्या सागवानाचा असून त्यावर पॉलिशचे अनेक थर आहेत. फळ्या मात्र नंतर कधीतरी बदललेल्या, पाइनच्या आहेत. वायरिंग बदलणाऱ्या मिस्त्रींनी सुचवले की आता हात लावलाच आहे तर सगळ्या लाकडाला अग्निरोधक द्रावण मारून घ्यावे. चौकशी केल्यावर एकाने पारदर्शक द्रावण फवारण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने उष्णतेने फुगणारा रंग सुचवला आणि तिसऱ्याचे म्हणणे असे पडले की लावलेल्या लाकडावर काहीही मारणे व्यर्थ आहे, कारखान्यातून प्रक्रिया होऊन आलेले लाकूडच वापरावे. यांपैकी खरे काय, आणि या प्रक्रियेने नेमके काय साधते, हे जाणकारांनी सांगावे.

टाचणी
सदस्यनामावरून आपण खाल्ल्या घरचे वासे मोजत असाल असे वाटले होते. आपण त्यांना रंग देण्याच्या विचारात आहात हे वाचून बरे वाटले.

कोळसा
प्रश्नाच्या उत्तराआधी लाकूड पेटते कसे हे पाहिले पाहिजे, कारण विक्रेत्यांचे निम्मे दावे तिथेच निकालात निघतात. आपल्याला जी ज्योत दिसते ती लाकडाची नसून लाकडातून निघालेल्या वायूंची असते. तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की लाकडातले पाणी निघून जाते, 200 च्या पुढे लाकडाचे घटक हळूहळू तुटू लागतात आणि 300 च्या सुमारास हे विघटन इतके वेगाने होते की ज्वलनशील वायूंचा लोंढाच बाहेर पडतो. मागे उरतो तो कोळसा, जो उष्णता आत फारशी जाऊ देत नाही.

फॉस्फेटयुक्त रसायने या विघटनाची वाट बदलतात. तापल्यावर त्यांच्यापासून आम्ल तयार होते, ते सेल्युलोजमधले (लाकडाच्या मुख्य घटकामधले) पाणी ओढून काढते आणि त्यामुळे वायू कमी, कोळसा जास्त असा हिशेब होतो. यात एक गंमत अशी की प्रक्रिया केलेले लाकूड साध्या लाकडापेक्षा कमी तापमानाला काळे पडू लागते; म्हणजे ते उष्णतेला दाद देत नाही असे नाही, उलट लवकर देते, फक्त ज्योतीला इंधन पुरवत नाही. म्हणून ‘आमचे लाकूड जळतच नाही’ असे कोणी म्हणाले तर त्याला खुशाल दुसरे दार दाखवावे. ज्योत पृष्ठभागावरून पसरण्याचा वेग आणि बाहेर पडणारी उष्णता कमी होणे, ही या प्रक्रियेची खरी कमाई आहे.

तुळई
वर ‘कोळसा’ यांनी लिहिले त्याला संरचना अभियंता म्हणून जोड देतो. आग पसरू न देणे आणि आगीत उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मिस्त्रींच्या बोलण्यात त्या नेहमी एक होतात.

जाड तुळई ही मुळातच आगीत बरीच टिकते. युरोपीय संकेतात (युरोकोड 5) नरम लाकूड मिनिटाला सुमारे 0.65 मिलिमीटर या वेगाने कोळशात बदलते असे धरतात आणि कोपऱ्यांची झीज धरून हिशेबासाठी 0.8 घेतात, सागवानासारख्या जड लाकडासाठी हाच आकडा 0.5 ते 0.55 इतका आहे. आता 200 मिलिमीटर रुंद आणि 250 मिलिमीटर उंच अशी नरम लाकडाची तुळई घ्या, तिला दोन्ही बाजूंनी आणि खालून अर्धा तास आग लागली असे समजा. प्रत्येक उघड्या बाजूने 24 मिलिमीटर कोळसा होईल, त्याआतला सुमारे 7 मिलिमीटरचा तापलेला थर निकामी धरायचा, तरीही मूळ वाकणक्षमतेच्या निम्म्याहून थोडी जास्त क्षमता शिल्लक राहते. याच अर्ध्या तासात 20 मिलिमीटरची फळी आरपार गेलेली असेल, आणि तिच्या सांध्यांत फटी असतील तर ज्वाळा त्याआधीच वर पोहोचलेल्या असतील.

महत्त्वाचे हे, की द्रावणाने प्रक्रिया केल्यामुळे हा कोळसा होण्याचा वेग फारसा बदलत नाही. तेव्हा तुळया टिकाव्यात म्हणून द्रावण मारणे निरर्थक आहे; फळ्यांवरून आणि जिन्यावरून ज्योत धावू नये म्हणून काही करणे सार्थ आहे.

रंधेवाला
कामाच्या बाजूने सांगतो. खरी प्रक्रिया कारखान्यात होते. लाकूड बंद टाकीत ठेवून आधी निर्वात करतात, म्हणजे पेशींमधली हवा निघते; मग द्रावण सोडून काही तास दाब देतात; शेवटी पुन्हा निर्वात करून जास्तीचे द्रावण ओढून घेतात आणि भट्टीत सुकवतात. हे सुकवणे ज्याने टाळले त्याचे लाकूड नंतर जागेवर वाकते, पिळते आणि सांधे उघडते.

ब्रशने किंवा फवाऱ्याने तेच द्रावण लावले तर ते वरच्या एखाद-दोन मिलिमीटरपलीकडे जात नाही. त्यातही आपल्या तुळया सागवानाच्या आहेत. जुन्या सागाचा गाभा दाबाखालीसुद्धा द्रावण पिऊन घेत नाही, मग त्यावर पॉलिशचे थर असताना फवाऱ्याने काय होणार? द्रावण ओघळते, खालच्या कडेला थेंब सुकतात आणि आठवड्याभरात पांढरी भुकटी दिसते. पाइनच्या फळ्यांचे तसे नाही; पाइनचा बाहेरचा, रसाचा भाग द्रावण चांगले घेतो. म्हणून तिसऱ्या माणसाचे म्हणणे फळ्यांपुरते खरे आहे: त्या बदलणारच असाल तर प्रक्रिया केलेल्या आणा. मात्र आणल्यावर त्यांवर जाडीभर रंधा मारू नका किंवा त्या उभ्या चिरू नका, कारण औषध मुख्यतः बाहेरच्या थरात असते. टोके कापणे आणि भोके पाडणे चालते.

शंकासुर
सगळ्यांचे वाचले आणि माझी शंका वाढली. ज्या उपचाराने तुळई जास्त टिकत नाही, सागवानात द्रावण शिरत नाही आणि लाकूड काळे पडायचे थांबत नाही, त्यावर खर्च करण्यापेक्षा खालून जिप्सम बोर्ड मारावा, धुराची सूचना देणारी यंत्रे बसवावीत आणि वायरिंग नीट करावे, हे सरळ नव्हे का? आगीत माणसे बहुतांशी धुराने दगावतात आणि कोणताही रंग धूर लागल्याची वर्दी देत नाही.

तुळई
@शंकासुर, जिप्समबद्दल आपल्याशी पूर्ण सहमत आहे. त्याच्या स्फटिकांत वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके पाणी बांधलेले असते आणि ते निघून जाईपर्यंत बोर्डामागचे तापमान 100 अंशांच्या आसपास अडून राहते, त्यामुळे लाकूड जळायला लागण्याचा क्षण पुढे ढकलला जातो. मात्र धागाकर्त्यांना तुळया दिसायला हव्या असतील तर बोर्ड त्यांच्या मधल्या गाळ्यांत, फळ्यांखाली बसवावा लागेल, आणि जिन्याच्या दर्शनी बाजूला तर तो लावताच येत नाही. तिथे लेपाचाच विचार करावा लागतो.

द्रावक
व्यवसायाने रसायनशास्त्राशी संबंध असल्याने पारदर्शक द्रावणांबद्दल थोडे लिहितो, कारण तिथेच फसगत जास्त होते.

बहुतेक द्रावणांत अमोनियम फॉस्फेट, अमोनियम सल्फेट, बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांचे निरनिराळे मिश्रण असते. बोरॅक्स ज्योत पसरू देत नाही, पण ज्योत विझल्यावर मागे राहणारी धग त्याने वाढू शकते. बोरिक आम्ल धग आवरते, पण ज्योतीवर त्याचा फारसा अंमल नाही. म्हणून दोघे जोडीने येतात. अमोनियमचे क्षार हवेतली ओल ओढतात. दमट हवेत असे लाकूड हाताला चिकट लागते, त्यातले क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरे डाग धरतात आणि साधे लोखंडी खिळे व स्क्रू गंजतात. ते पाण्यात विरघळणारे असल्याने पावसाच्या माऱ्याखाली धुऊन जातात, हे वेगळे सांगायला नको. बोरिक आम्ल प्रजननासाठी घातक ठरवून युरोपीय संघाने 2010 साली अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले आहे. तेव्हा हातमोजे आणि मुखपट्टी न घालता त्याची फवारणी करणारा कारागीर दिसला तर त्याला थांबवावे.

पोटमाळ्याबाबत विशेष सावध करतो. अमेरिकेच्या पूर्व भागात एकाला एक लागून असलेल्या घरांत, दोन घरांमधल्या सामाईक भिंतीलगत छपरावर सुमारे चार फूट रुंदीच्या पट्ट्यात अग्निरोधक प्लायवुड टाकले, तर आग पलीकडे जाऊ नये म्हणून ती भिंत छपराच्या वर उचलण्याची गरज नाही, अशी सवलत होती. 1980 च्या दशकात या प्लायवुडचे छप्पर ठिकठिकाणी काळपट, ठिसूळ होऊन खचू लागले. काही ठिकाणी बसवल्यापासून अगदी थोड्या वर्षांत. आग लागली नव्हती. उन्हाने तापणाऱ्या छपराची उष्णता आणि ओल एवढ्यानेच काही फॉस्फेट मिश्रणांतून आम्ल सुटत राहिले आणि त्याने लाकूड आतून खाल्ले. जे रसायन आगीत काम करायला ठेवले होते ते रोजच्या उन्हातच कामाला लागले. यावर मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी या लाकूड-संशोधन संस्थेने बरेच संशोधन केले आणि पुढे वाढीव तापमानात ताकद किती घटते हे पाहणाऱ्या स्वतंत्र चाचण्या आल्या. आता उच्च तापमानासाठी तपासलेली मिश्रणे मिळतात, पण ‘कोणतेही द्रावण कैच्यांवर मारून टाका’ हा सल्ला मी कधीही देणार नाही.

टाचणी
म्हणजे आग लागण्याची वाट न पाहताच औषधाने रोग्याला उरकले.

जुनीपाने
थोडे अवांतर, पण विषय सोडून नाही. ही धडपड फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी 86 साली रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सचे बंदर असलेल्या पिरेयसला वेढा घातला असता शत्रूचा लाकडी बुरूज काही केल्या पेटेना, कारण त्यावर तुरटी चोपडली होती, अशी नोंद रोमन लेखकांनी केली आहे. शास्त्रीय पायावर काम सुरू झाले ते 1821 साली, फ्रान्सच्या गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने नाट्यगृहांतील कापडासाठी अमोनियम फॉस्फेट आणि बोरॅक्स यांचे प्रयोग मांडले तेव्हा. दोनशे वर्षे होऊन गेली तरी ‘द्रावक’ यांनी दिलेल्या यादीत ही दोन्ही नावे आहेतच, याची मौज वाटते.

शंकासुर
@जुनीपाने, तुरटीने बुरूज वाचला असेल, पण 15 एप्रिल 2019 रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम या जुन्या चर्चचे ओकचे छप्पर काही तासांत गेले, हेही लक्षात घ्यावे. ते पुन्हा उभे करताना ओकच वापरला आणि छपराखाली पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा बसवली. तिथल्या जाणकारांनी भिस्त ठेवली ती पाण्यावर आणि आग लवकर ओळखण्यावर, रंगावर नव्हे.

कोळसा
उदाहरण चांगले आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष घाईचा आहे. त्या छपरात तुळया जाड होत्या हे खरे, मात्र भोवती प्रचंड उघडी पोकळी होती आणि आग ध्यानात येऊन प्रत्यक्ष वर माणूस पोहोचेपर्यंत वेळ गेला. जाड ओंडका काडीने पेटत नाही, पण रंध्याखालचे छिलके पेटतात आणि मग ओंडकाही पेटतो. घरातल्या लाकडाचे तसेच आहे. पातळ फळ्या, जिन्याचे खालचे तक्ते, कडेच्या पट्ट्या हे ते छिलके. अग्निरोधक प्रक्रियेचे काम सुरुवातीच्या काही मिनिटांतले आहे. धूरसूचक यंत्र वाजल्यापासून माणूस जिन्याने खाली उतरेपर्यंत जिना पेटू नये, इतके तरी ती करू शकते, आणि यंत्र व प्रक्रिया ही एकमेकांना पर्याय नाहीत.

थरावर_थर
फुगणाऱ्या रंगांचे काम मी करत आलो आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. या रंगात तीन घटक एकत्र काम करतात: आम्ल देणारे अमोनियम पॉलिफॉस्फेट, कोळसा देणारे पेंटाएरिथ्रिटॉल आणि वायू सोडून फुगवणारे मेलामाइन. तापमान 200 अंशांच्या पुढे गेले की रंगाचा थर मऊ होतो, आतल्या वायूने फुगतो आणि मूळ जाडीच्या कित्येक पट जाडीचा काळा, सच्छिद्र थर लाकडावर उभा राहतो. तो हाताने चुरडला जाईल इतका नाजूक असतो, पण जागेवर राहिला तर लाकूड तापायला वेळ लागतो. म्हणजे ‘तुळई’ यांनी सांगितलेला कोळसा होण्याचा वेग द्रावणाने फारसा बदलत नसला तरी पुरेशा जाडीच्या, त्यासाठी चाचणी झालेल्या लेपाने कोळसा व्हायला सुरुवात उशिरा होते.

सगळे यश जाडीवर आहे. उत्पादक चौरस मीटरला किती ग्रॅम रंग लागेल ते सांगतो. कारागीर नेहमीच्या सवयीने रंग ताणतो आणि निम्म्यात काम संपवतो. त्यावर उपाय म्हणजे दातेरी पट्टी. ओल्या थरात ती उभी टेकवली की ज्या दातापर्यंत रंग लागतो तो दात थराची जाडी सांगतो. मी ती पट्टी मालकाच्या हातात देतो. त्यानंतर कारागिराचा ब्रश आपोआप जड होतो. जिन्याच्या कठड्याच्या गोल दांड्यांवर आणि तुळईच्या धारेवर थर नेहमी पातळ पडतो, तिथे मुद्दाम पाहावे.

आणि जुने पॉलिश आधी उतरवलेच पाहिजे. लेप पॉलिशला चिकटतो, लाकडाला नाही. आगीत पॉलिश मऊ होऊन सुटले की फुगलेला थर त्याच्यासकट खाली गळून पडतो.

साधी_माणूस
एक व्यवहारी प्रश्न. विक्रेत्याने माझ्यासमोर प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या तुकड्याला लायटर लावून दाखवला आणि तो पेटला नाही. एवढे पुरेसे नाही का?

तुळई
ताई, नाही. लायटरची ज्योत इवलीशी, तुकडा आडवा धरलेला आणि भोवती मोकळी हवा. अशा स्थितीत जाड साधे लाकूडसुद्धा बऱ्याचदा विझते. खऱ्या चाचण्या वेगळ्या असतात. अमेरिकी ई-84 चाचणीत सुमारे 24 फूट लांबीचा नमुना बोगद्यासारख्या भट्टीच्या छताला लावून एका टोकाने दहा मिनिटे ज्वाळा सोडतात आणि ज्योत किती पुढे धावली ते मोजतात. सिमेंटचा तक्ता शून्यावर आणि लाल ओक 100 च्या आसपास येईल अशी ही मोजपट्टी आहे. सर्वांत वरचा वर्ग 25 किंवा त्याहून कमी अंकाला मिळतो, आणि दाबप्रक्रिया केलेल्या लाकडाला हीच परीक्षा तीस मिनिटे द्यावी लागते. युरोपीय वर्गवारीत साधे लाकूड सहसा ‘डी’ वर्गात येते आणि चांगली प्रक्रिया केलेले ‘बी’ पर्यंत चढते.

प्रमाणपत्र पाहताना लाकडाची जात, जाडी, दर चौरस मीटर प्रमाण आणि मागे मोकळी हवा होती की भिंत, हे सगळे वाचावे. प्लायवुडवर मिळालेला वर्ग जुन्या सागाला लागू होतो असे नाही. बाहेरच्या लाकडासाठी तर आग पाहण्याआधी नमुना ऊन-पावसाच्या चक्रातून काढला होता की नाही हे विचारावेच. युरोपात त्यासाठी ईएन 16755 नावाचे स्वतंत्र मानक आहे.

रंधेवाला
लायटरवाल्या दाखवणुकीत आणखी एक मेख असते. तो तुकडा रात्रभर द्रावणात बुडवून ठेवलेला असतो आणि तुमच्या घरात मात्र एक हात फवारला जातो.

वासे_मोजणारा
सर्वांचे मनापासून आभार. इतके वाचल्यावर मी असे योजले आहे. तुळयांना स्वतंत्र प्रक्रिया करणार नाही, पण त्यांच्या मधल्या गाळ्यांत फळ्यांखाली जिप्सम बोर्ड बसवीन. पोटमाळ्यात द्रावण मारणार नाही. जिन्याचे पॉलिश उतरवून खालच्या बाजूला, कठड्याला आणि पायऱ्यांच्या उभ्या फळ्यांना फुगणारा पारदर्शक लेप देईन. दोन शंका उरल्या आहेत: पायऱ्यांच्या आडव्या, पाय पडणाऱ्या भागाचे काय करावे, आणि लेपावर पुन्हा नेहमीचे पॉलिश मारता येईल का?

थरावर_थर
पाय पडणाऱ्या भागावर हा लेप टिकत नाही, झिजतो आणि ओल्या फडक्याने खराब होतो. तो भाग तसाच ठेवा, ज्योत जिन्याच्या खालच्या बाजूने आणि उभ्या फळ्यांवरून जास्त वेगाने चढते. नेहमीचे पॉलिश मात्र अजिबात मारू नका. ते स्वतः पेटते आणि खालच्या लेपाला फुगू देत नाही. लेपाच्या उत्पादकाने त्याच्यासोबत तपासलेला वरचा थरच वापरा, आणि तोही सांगितलेल्या जाडीहून जास्त नको. पारदर्शक लेप दमट हवेत दुधी पडू शकतो, म्हणून काम कोरड्या दिवसांत काढा.

द्रावक
जिप्सम बसवण्याआधी वायरिंगसाठी तुळयांना आणि फळ्यांना पाडलेली भोके तपासा. एका खोलीतला धूर आणि आग दुसऱ्या मजल्यावर बहुधा त्याच वाटेने जातात. ती आगीत फुगणाऱ्या भरणीने बंद करून घ्या. बोर्ड लागल्यावर तिथे हात पोहोचणार नाही.

वासे_मोजणारा
मिस्त्रींना आजच सांगतो, उद्यापासून बोर्डाचे काम सुरू होणार होते.